शेपूट रस्त्याकडे

११ ऑक्टोबर

ही वही उघडावी लागली, कारण काल फोनवर माझा भाऊ आणि त्याचा मुलगा एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते, आणि दोघांच्या मते त्या मीच बोलले होते. निम्मा म्हणतो, मी विमानाला हो म्हटलं. जसकरण म्हणतो, मी विमानाला नाही म्हटलं. मी म्हणाले होते, "बघू." मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून माझी सगळी नोकरी या एका शब्दावर निभावली. त्याचा अर्थ मुलींना बरोबर कळायचा. कॅनडात राहून हे दोघे विसरलेले दिसतात.

तेव्हा यापुढे कोण काय बोललं ते लिहून ठेवणार.

निम्मा म्हणजे निर्मल, माझा धाकटा भाऊ. जन्मभर तिकडे ट्रक चालवला. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. आता आमच्या कोट सरहालमधल्या वडिलोपार्जित जागेवर कोठी, म्हणजे मोठा बंगला, बांधतो आहे. म्हणतो, "भैणजी, मी परत येणार. तिथेच राहणार." हे वाक्य या गावातल्या प्रत्येक कोठीच्या पायात भरलेलं आहे. कोठ्या उभ्या राहिल्या, कुलपं लागली, आता आत बिहारी राखणदार डाळ शिजवतात. निम्मा येईल यावर माझा फारसा विश्वास नाही. पण बांधकामावर डोळा ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून जालंधरची खोली बंद करून मी समोरच्या सिबोच्या माडीवर भाड्याने राहिले आहे. खिडकीतून समोरचं सगळं दिसतं.

आतल्या खोल्या, जिना, स्वयंपाकघर सगळं झालं. राहिला आहे तो दर्शनी भाग. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर कसं दिसावं. निम्मा काल दोनदा म्हणाला, "फ्रंट भैणजी ठरवतील. त्यांचा शब्द शेवटचा." जसकरणने ऐकलं आणि हो म्हटलं. नोंद केली.

१५ ऑक्टोबर

लाडी येऊन गेला. छपरावरच्या टाक्या घडवतो. स्वतःला आर्टिस्ट म्हणवतो आणि गळ्यात रुमाल बांधतो.

आमच्याकडे छपरावर पाण्याची टाकी नुसती टाकी नसते. ट्रॅक्टर असला तर या घराने शेती राखली. गरुड असला तर कुणीतरी फौजेत होतं. दोसांझांच्या गच्चीवर प्रेशर कुकर आहे, त्यांची इंग्लंडात खानावळ आहे. आणि विमान म्हणजे मुलगा बाहेर गेला. गावात बस दिवसातून दोनदा येते, विमानं मात्र जिकडे बघावं तिकडे.

लाडीने फोटोंचा अल्बम उघडला. "बीबीजी, फुटबॉल बघा. सध्या फुटबॉलला फार मागणी आहे."

"आमच्या घरात कुणी खेळलेलं नाही."

"मग सिंह? दोन पाय वर, जबडा उघडा."

"आमच्या घरात असं कुणी वागलेलंही नाही."

"मग विमानच! खिडक्यांत बल्ब लावून देतो. रात्री नकोदरच्या रस्त्यावरून दिसेल."

"दिवसा जे दिसेल ते पुरे आहे," मी म्हणाले. त्याला चहा दिला आणि बघू म्हणाले.

२१ ऑक्टोबर

निम्म्याचा फोन. विमानाचा हट्ट सोडत नाही. हट्टही साधा नाही. म्हणतो, चाकं बाहेर काढलेली हवीत, नाक घराच्या आत, अंगणाकडे, आणि शेपूट रस्त्याकडे.

"शेपूट रस्त्याकडे?" मी विचारलं. "म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला काय दाखवायचं, मागचा भाग?"

"हां भैणजी."

"गावातल्या सगळ्यांची नाकं रस्त्याकडे आहेत."

"माहीत आहे."

"मग तुझंच उलटं का?"

"असंच," म्हणाला. मग विचारलं, "जेवलात का?"

छत्तीस वर्षं ट्रक चालवून माणसाला पुढची आणि मागची बाजू कळू नये, याचं नवल वाटलं.

२६ ऑक्टोबर

जसकरणने चित्रं पाठवली. मानलं पाहिजे या मुलाला. पांढऱ्या आणि राखाडी रंगाच्या सरळ भिंती. सिंह नाहीत, वेटोळ्याचे खांब नाहीत, सोनेरी कुंभ नाहीत. वरच्या मजल्यावर लाकडी पट्ट्यांचा एक पडदा, दाराशी दोन कुंड्या, बस. टाकी काळी, भिंतीमागे लपवलेली. डोळ्याला गार वाटतं.

आत्या-भाच्याचं बराच वेळ बोलणं झालं.

"भुआजी," तो म्हणाला, "समोरून जाणाऱ्या कुणालाही वाटलं पाहिजे की हे घर माझं असतं तर. आपलं काही त्यावर ठळक नको. फाटकावर नावसुद्धा नको, नंबर पुरे."

"नाव नको? तुझ्या आजोबांचं?"

"नाव काय, भुआजी, मनात असतंच."

सरळपणे सांगते, मुलगा मनात भरला. आजकालची पोरं मोटारीच्या काचेवरसुद्धा जात लिहितात. हा म्हणतो, नाव मनात असतं. निम्म्याने आयुष्यात दुसरं काही केलं नसेल, पण मुलगा चांगला वाढवला.

२ नोव्हेंबर

सिबोने मोबाइलमधलं चित्र पाहिलं. चष्मा लावून, मग काढून.

"रछपाल, हे घर आहे का दाताच्या डॉक्टरचा दवाखाना?"

"तुला सवय नाही चांगलं बघायची."

"मला सवय आहे घर बघायची. हे कुणाचं ते कळत नाही."

"कळायला कशाला हवं? पत्ता आहे ना."

"पत्ता पोस्टमनला. माझ्यासारखीला गच्ची लागते." मग मटार सोलता सोलता म्हणाली, "निम्मा मला फोन करतो, माहीत आहे? विचारतो, भैणजी चिडलेल्या असतात की बऱ्या असतात. मी सांगते, फरक कळला की कळवीन."

मी तिच्या हातातली परात ओढून घेतली आणि अर्धे मटार सोलले. अशा बाईला शब्दाने उत्तर देण्यात अर्थ नाही.

९ नोव्हेंबर

निर्णय दिला. दोघांना एकत्र फोनवर घेतलं आणि कारणं क्रमाने सांगितली. विमानं गावात पुष्कळ आहेत, आणखी एकाने काही कळणार नाही. शेपूट रस्त्याकडे करणं हास्यास्पद आहे. साधी भिंत पन्नास वर्षं साधी दिसते, विमानाचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. मग म्हणाले, "निम्मा, या घरावर मला विमान नको. हे माझं शेवटचं."

जसकरण म्हणाला, "थँक्यू, भुआजी! मी डॅडींना हेच सांगत होतो."

निम्मा म्हणाला, "बरं भैणजी. तुमची मर्जी."

इतक्या पटकन मानेल असं वाटलं नव्हतं. मुद्दे नीट मांडले की माणसं ऐकतात.

३ डिसेंबर

लाकडी पट्ट्या आल्या. ठेकेदाराने दोन वाकड्या बसवल्या, काढायला लावल्या. तो म्हणाला, "खालून कळत नाही, बीबीजी." मी म्हणाले, "मी वर राहते." पुन्हा बसवल्या.

निम्म्याचे फोन कमी झाले आहेत. पूर्वी रोज विचारायचा, आज किती विटा चढल्या, अंगणातला नळ कुठल्या कोपऱ्यात घेतला. आता आठवड्यातून एकदा, तेही तब्येतीपुरतं. एका परीने बरं. कामाच्या वेळेत व्यत्यय नाही.

१४ जानेवारी

काल लोहडी. धुकं इतकं की शेकोटीच्या पलीकडचा माणूस दिसेना. आज दुपारी ऊन पडलं आणि पांढऱ्या रंगाचा शेवटचा हात झाला. फाटकाशी दोन मोटारी थांबल्या. एका बाईने खाली उतरून फोटो काढला. खिडकीतून हे पाहताना मला जे वाटलं त्याला गर्व म्हणतात, आणि तो मला मान्य आहे. रेवड्यांचा वाटा मिस्त्र्यांना दिला.

फोटो निम्म्याला पाठवला. त्याने उत्तरात हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शब्द नाही. जसकरणने आठ ओळी लिहिल्या.

६ फेब्रुवारी

आजचं सविस्तर लिहिते.

सकाळी अकराच्या सुमारास एक जण समोरच्या कोठीचे फोटो काढत होता. या कोपऱ्यातून, त्या कोपऱ्यातून, गुडघ्यावर बसून. मी खाली गेले. म्हणाला, "सत श्री अकाल, भैणजी. मी रोमी. जसकरणजींनी पाठवलं. तुम्हीच भुआजी ना? वा! फ्रंट असावा तर असा."

"आपण काय करता?"

"प्रॉपर्टी."

वसतिगृहात भिंतीवरून उडी मारून आलेल्या मुलीला मी कधी रागावून विचारलं नाही. चहा देऊन विचारलं की सगळं बाहेर येतं. रोमीला सिबोच्या ओट्यावर बसवून चहा दिला, वर गाजराचा हलवा.

"तर गिऱ्हाईक आहे म्हणायचं?" मी म्हणाले.

"दोन आहेत, भैणजी! जसकरणजींना घाई आहे. एप्रिलपर्यंत व्हायला हवं. बरं झालं तुम्ही वर काही चढवलं नाही. पलीकडच्या गावात एक कोठी चार वर्षं पडून आहे. आत इटलीची फरशी. पण वर मालकाच्या मुलाचा पुतळा, वजन उचलताना. कोण घेणार? दुसऱ्याच्या निशाणीखाली आपला माणूस झोपत नाही. म्हणतात, आम्ही राहायला जायचं का नोकरीला? तुमचं घर कसं स्वच्छ आहे. कुणाचंच नाही. असंच खपतं."

"आणि निर्मल सिंग? ते काय म्हणतात?"

"ते म्हणाले, मुलाला विचारा." त्याने बशी चाटूनपुसून ठेवली. "हलवा एक नंबर, भैणजी."

मी त्याला फाटकापर्यंत पोचवलं. कुणाचंच नाही, असं घर मी चार महिने उभं राहून रंगवून घेतलं.

संध्याकाळी निम्म्याला फोन केला. तिकडे सकाळ.

"घर विकायला काढलंयस?"

तो म्हणाला, "जसकरणला इकडे मोठं घर घ्यायचंय. पोरं वाढतायत. म्हणाला, डॅडी, तुम्ही तिकडे एकटे काय करणार?"

"एकटा? मी मेले का?"

"तुम्ही तर विमान नको म्हणालात."

"विमानाचा इथे काय संबंध?"

"मला वाटलं, तुम्हाला मीच नकोय." घसा खाकरला. "तुमची सवय एकटीची. शिस्तीची. मी येऊन पसारा करणार. तोंडावर कसं म्हणाल, म्हणून विमानावर घालून म्हणालात."

"मी आजवर कुणाला आडून काही म्हणाले आहे?"

"नाही."

"मग?"

"मग काय, भैणजी. वाटलं."

मी त्याला स्पष्ट सांगितलं की विमान नको याचा अर्थ विमान नको एवढाच होता. रंग आणि आकार याबद्दलचं माझं मत होतं. भावाबद्दलचं मत मला कुणी विचारलंच नव्हतं.

"आता विचारतो," तो म्हणाला.

"ये," मी म्हणाले.

मग मी विचारलं, "आणि ते शेपूट? ते रस्त्याकडे का हवं होतं?"

"भैणजी, आपल्या गावातली सगळी विमानं बाहेर निघालीयत. म्हटलं, एक तरी आत येताना दिसावं."

"हे ऑक्टोबरात सांगायला कॅनडात बंदी होती का?"

हसला. हसता हसता फोन ठेवला, की तुटला, कळलं नाही.

मी सुशिक्षित बाई आहे. इतिहास घेऊन पदवी घेतली. गावातल्या कुठल्याही छपराकडे बघून मी त्या घराची कुळकथा सांगू शकते. माझ्या भावाने तीच भाषा वापरून एक वाक्य सांगितलं आणि मी त्याला रंगाच्या टिकाऊपणावर व्याख्यान दिलं.

७ फेब्रुवारी

लाडीला बोलावलं. "विमान. मोठं. चाकं बाहेर. शेपूट रस्त्याकडे."

"उलटं?"

"सुलटं."

"बीबीजी, लोक म्हणतील, लाडी दारू पिऊन बसवून गेला. माझा नंबर असतो पंखावर."

"नंबर लिहू नकोस."

"मग जाहिरात कशी होणार?"

"निंदा तरी होणार नाही."

त्याने रुमाल सोडला, पुन्हा बांधला. मी सांगितलं, दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत आमचं आडनाव, 'संघा', लिहायचं, इतकं मोठं की गावाबाहेरच्या पुलावरून वाचता आलं पाहिजे. आणि फाटकावर वडिलांचं नाव, संगमरवरात. लाडीचे डोळे चमकले. "बल्ब?"

"बल्बही," मी म्हणाले.

१० फेब्रुवारी

जसकरणचा फोन. रोमीने कळवलेलं दिसतं.

"भुआजी, हे काय चाललंय? तुम्हीच म्हणाला होतात विमान नको!"

"म्हणाले होते. वहीत तारीख आहे. आता हवं म्हणते, तीही तारीख लिहिली आहे."

"ते घर मग कुणी घेणार नाही!"

"तेच."

मग तो वेगळ्या आवाजात बोलला. "डॅडींचं वय झालंय. गुडघे गेलेत. तिकडे पडले तर? इथे डॉक्टर आहे, मी आहे."

"तू कामावर असतोस. पडल्यावर येशील."

"आणि मुलं? रोज शाळेतून आणायला तेच जातात. मी मुलांना काय सांगू?"

"आजोबांचं घर कुठलं ते सांग. गच्चीवर बघा म्हणावं. सुट्टीत घेऊन ये, खोल्या पुष्कळ आहेत. पण तुझ्या डॅडींच्या नावाची जागा त्यांना न विचारता विकायची नाही."

"विचारलं होतं मी. ते हो म्हणाले."

"मलाही हो म्हणाले होते. तो सगळ्यांना हो म्हणतो, जसकरण. म्हणून त्याच्या 'हो'ला नीट कान लावावा लागतो. तुझं चुकलं, माझंही चुकलं."

फोन त्याने ठेवला. गुडघ्यांबद्दल त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. हे त्याला सांगितलं नाही, इथे लिहिते. अंगणातून दाराशी चढायच्या पायऱ्यांना कठडा लावायला ठेकेदाराला सांगितलं. सरळ पट्टीचा, पांढरा. तेवढं माझ्या पसंतीचं.

१ मार्च

क्रेन आली. अर्धं गाव जमलं. विमान वर चढताना एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, "अरे फिरवा, उलटं जातंय!" लाडीने छाती पुढे काढून उत्तर दिलं, "बाबाजी, ऑर्डर आहे. हे येणारं आहे." त्याला हे मी सांगितलं नव्हतं. त्याने आपल्या डोक्यातूनच काढलं की सिबोकडून, देव जाणे. दोसांझांची म्हातारी, जिचे तिन्ही मुलगे इंग्लंडात आहेत, ती ओढणी तोंडावर घेऊन निघून गेली.

सिबो म्हणाली, "आता कळलं कुणाचं घर ते."

दिसायला वाईट आहे. पांढऱ्या राखाडी भिंतींवर निळं पोट आणि लाल अक्षरं. जो माणूस चांगल्या रुचीचा आहे त्याने मान खाली घालून जावं असं आहे. माझं मत बदललेलं नाही. घर मात्र बरोबर आहे.

१२ मार्च

निम्म्याने तिकीट पाठवलं. जसकरण त्याला विमानतळावर सोडायला जाणार आहे म्हणे. त्याने मलाही एक ओळ लिहिली: "भुआजी, त्यांच्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर, विसरतात." मी उत्तर लिहिलं, "माझ्याकडे कुणी गोळ्या विसरलेलं नाही. जूनमध्ये मुलांना आण."

१९ मार्च

निम्मा आला. टॅक्सी पुलावर थांबवली, खाली उतरला, तिथूनच वर बघत उभा राहिला. मागे ट्रॅक्टर-ट्रॉलीवाला हॉर्न वाजवत होता. मी फाटकातून हाक मारली, "रस्ता सोड आणि आत ये." गुडघे खरंच गेले आहेत. कठड्याला धरून चढला. माझ्या पायांना हात लावायला वाकला, मी वाकू दिलं नाही, मग दोघांचे हात मध्येच अडकले.

सगळं घर त्याला दाखवलं. नळ, बटणं, गॅस. प्रत्येक खोलीत "बरं भैणजी" म्हणाला. शेवटी सिबोने मक्याच्या भाकऱ्या आणि सरसोंचं साग आणलं, तेव्हा "बरं" न म्हणता खाली बसून खाल्लं.

सुपूर्द केलं ते असं.

निर्मल सिंग संघा यांना: फाटकाच्या किल्ल्या, दाराच्या किल्ल्या, गच्चीची किल्ली, उरलेल्या लाल रंगाचा डबा. मिळाल्याबद्दल त्याने या वहीत खाली सही केली आहे.

सिबोला: तिच्या माडीची किल्ली. म्हणाली, "आता रागावायला समोर कोण?" खिडकी उघडी ठेव, ऐकू येईल, असं सांगितलं.

निम्म्याकडून मला: बर्फातला जाड कोट, एक, विमानातून अंगावर घालून आलेला. म्हणाला, "कुणाला तरी देऊन टाका, भैणजी."